वॉटर पार्कमधून परत आलेले १,७५० रुपये

सुट्टी लागल्यापासून धाकट्याचं एकच टुमणं होतं. त्याच्या वर्गातलं कुणीतरी वॉटर पार्कला जाऊन आलं होतं आणि तिथे ‘समुद्रासारख्या लाटा येतात’ हे ऐकल्यापासून त्याला रात्री झोप नव्हती. शेवटी मे महिन्यातला एक शनिवार ठरवला, ऑनलाइन पाच तिकिटं काढली आणि सकाळी सातला सांगलीच्या विश्रामबागेतून निघालो. आम्ही दोघं, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा हा. पार्क दुसऱ्या जिल्ह्यात, दोन तासांवर. नाव लिहीत नाही. शेवटी प्रकरण मिटवून घेतलं आहे आणि मिटवलेलं पुन्हा उकरायचं नाही.

चार मोठी तिकिटं ९०० रुपयांची, धाकट्याचं ७००. सासूबाई पाण्यात उतरणार नव्हत्या, तरी त्यांचंही ९००. ‘पाण्यात उतरा नाहीतर बाकड्यावर बसा, तिकीट माणशी’ असं त्यांच्या साइटवर लिहिलेलं होतं. ते मी तिकीट काढायच्या आधी वाचलं नव्हतं. एकूण ४,३०० रुपये.

गेटवर पहिल्यांदा पिशव्या तपासल्या. सासूबाईंनी पहाटे उठून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभाताचा डबा, सगळं गाडीच्या डिकीत परत. बाहेरचं खाणं चालत नाही. बरं, मधे बाहेर येऊन खाऊन जाऊ म्हटलं तर एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत. दुधात भिजवलेल्या दशम्यांना उन्हाचं काही होत नाही, पण दहीभाताचं काय होणार हे त्या डिकीकडे बघूनच कळत होतं.

मग खिडकीपाशी धाकट्याची उंची मोजली. भिंतीवर एक जिराफ रंगवलेला, त्याच्या मानेवर फुटांच्या रेघा. तीन फुटांच्या आतल्यांना तिकीट नाही. हा तीन फूट नऊ इंच. त्याला काय आनंद झाला! टाचा न उचलता तीन फुटांच्या वर गेला म्हणून सगळ्यांना सांगत सुटला. मी तेवढ्यात आतल्या माणसाला विचारलं, “सगळ्या राइड चालू आहेत ना?” तो मान खाली घालून पट्ट्या फाडत म्हणाला, “सगळं चालू आहे मॅडम.” मी पुन्हा विचारलं, लाटांचं तळं पण? “सगळं चालू आहे.” हे दोनदा विचारलं होतं म्हणून माझ्या नीट लक्षात राहिलं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

आत गेल्यावर कपडे. सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत. त्यात त्यांचं चुकत नाही, सुताचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात. पण मी लेगिंग आणि सिंथेटिक टॉप घालून गेले होते, तेही ‘चालणार नाही, नायलॉनचाच सूट’. तीन सूट दीडशे रुपये भाड्याने, वर प्रत्येकी दोनशे डिपॉझिट. लॉकरचे वेगळे. तो ओलसर सूट आधी कुणी घातला असेल याचा विचार न करता घातला, एवढंच सांगते.

आणि मग पहिल्या घसरगुंडीच्या जिन्यापाशी पुन्हा जिराफ. तोच, तसाच हसरा. फक्त इथे त्याच्या मानेवर चार फुटांवर लाल रेघ होती, आणि चार फुटांच्या आतल्यांना वर सोडत नव्हते. म्हणजे आमचा मुलगा तिकिटाच्या खिडकीपाशी उंच होता आणि घसरगुंडीपाशी बुटका. सुरक्षेसाठी उंचीची अट हवीच, ती पाळणाऱ्या त्या शिट्टीवाल्या पोराशी माझं काही भांडण नाही. पण सातशे रुपये भरून त्याच्या वाट्याला आलं काय, तर गुडघाभर पाण्यातला एक मशरूम, ज्याच्यावरून पाणी गळतं. तसं आमच्या टेरेसच्या टाकीवरून फुकट गळतं.

मोठीला मात्र वर सोडलं. ती दहा मिनिटांत खाली आली, पाठ लाल. घसरगुंडीवर पाण्याचा पातळ थर सतत वाहता लागतो, तो असला तरच अंग घसरतं. इथे मधल्या वळणावर पाणीच पोचत नव्हतं, ती तिथे अडकली आणि हाताने ढकलत ढकलत खाली आली. मी वरच्या पोराला विचारलं तर तो इकडेतिकडे बघून म्हणाला, “ताई, दोनातला एकच पंप चालू आहे. मोठ्याला पाणी सोडलं की ह्याला कमी पडतंय. चार दिवस झाले.”

चार दिवस! मग मी मोजायला लागले. अकरा घसरगुंड्यांपैकी चार चालू. बाकीच्यांच्या जिन्यांना सुतळी बांधलेली. लाटांच्या तळ्यात मुंबईच्या लोकलसारखी गर्दी, सगळे एक वाजण्याची वाट बघत, कारण फळ्यावर ‘लाटा दु. १ वा.’ असं लिहिलेलं. एक वाजता भोंगा वाजला, सगळी पोरं ओरडली आणि पाणी होतं तिथेच राहिलं. दोन मिनिटांनी पुन्हा भोंगा वाजला. मग लाउडस्पीकरवर गाणी सुरू झाली. धाकटा माझा हात धरून उभा होता. म्हणाला, “आई, समुद्र बंद पडला का?”

डोळे सगळ्यांचेच चुरचुरत होते. आमचे हे म्हणाले क्लोरीन जास्त टाकलंय. मोठीने आठवीतल्या अधिकाराने दुरुस्ती केली, की तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो, घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा असतो. ते ऐकून मी पाण्याबाहेर आले ती पुन्हा उतरले नाही.

सासूबाई बाकड्यावर बसून सगळं बघत होत्या. त्यांचं माहेर भिलवडीचं. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेल्या. आमच्या पाच जणांत खरं पोहता येणाऱ्या त्या एकट्या, आणि पाण्याबाहेर बसलेल्याही त्याच. “एवढ्याशा पाण्यात हा शिट्ट्या कशाला फुंकतोय गं?” असं दोनदा विचारून झालं होतं. मी त्यांच्या हातात माझा मोबाइल दिला आणि म्हटलं, “आई, त्या सुतळ्यांचे फोटो काढा. आणि तो फळा.”

ऑफिसात गेलो तर मॅनेजर जेवायला गेलेले. अर्धा तास थांबलो, ते जेवतच होते. टेबलावरच्या माणसाने पंप नादुरुस्त असल्याचं तोंडी मान्य केलं आणि तिकिटामागे ‘नो रिफंड’ छापलेलं दाखवलं. मी तक्रारवही मागितली. वही नव्हती. मग मी साध्या कागदावर दोन ओळी लिहून वर वेळ घातली, सही केली आणि त्याचाही फोटो घेतला. आमचे हे मागे उभे राहून पुटपुटत होते, “आता आलोच आहे तर रेन डान्स तरी बघूया की.” संध्याकाळी सूटचं डिपॉझिट परत घ्यायच्या रांगेत चाळीस मिनिटं गेली. येताना रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी थांबवून दशम्या खाल्ल्या. दिवसातला चांगला भाग तोच. दहीभात तसाच ओतून दिला.

सोमवारी ऑफिसच्या मधल्या सुट्टीत मी १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी नाव, तारीख, रक्कम विचारली, तिकीट आहे का विचारलं, मी धडाधड सांगत गेले. मग त्या म्हणाल्या, “तुम्हाला त्यांच्याकडून नेमकं काय हवंय?” आणि मी गप्प. राग होता, आकडा नव्हता. “मी उद्या सांगते,” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रात्री वही घेऊन बसले. आधी ४,३०० आणि वर मनस्ताप असा मोठा आकडा लिहिला. मग एकेक खोडत गेले. सासूबाईंचे ९०० साइटवर स्पष्ट लिहिलेले, मी वाचलं नाही, तो दोष माझा. सूटचं भाडं, तेही तसंच. वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली चाळीसला दिली होती, त्याने मी सगळ्यात जास्त चिडले होते, कारण छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही हे पोरासोरांनाही माहीत आहे. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटांना त्यातून मोकळं ठेवलं आहे, आणि टपरीपुढे चार खुर्च्या मांडून पार्कवाला ‘हे आमचं रेस्टॉरंट’ म्हणणार. वीस रुपयांसाठी सगळं प्रकरण त्या खुर्च्यांवर अडकायला नको. सोडलं. राहिलं ते एवढंच: धाकट्याचे ७०० पूर्ण, आणि आम्हा तिघांच्या २,७०० चे निम्मे. २,०५० रुपये. हा आकडा लिहिल्यावर मला एकदम बरं वाटलं, कारण कुणीही विचारलं तरी मी तो एका वाक्यात सांगू शकत होते.

दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदली गेली, मोबाइलवर क्रमांक आला. हेल्पलाइन तुमची तक्रार समोरच्याकडे पाठवते आणि उत्तर मागते, निकाल देत नाही. हे आधी माहीत असलं की अपेक्षाभंग होत नाही. बाराव्या दिवशी पार्कचं उत्तर आलं. ‘तांत्रिक कारणाने काही राइड बंद असू शकतात, तिकीट परत होत नाही.’

म्हणजे आता पुढची पायरी. शेजारच्या काकांनी, ते कोर्टात बेलीफ होते, सांगितलं की हल्ली आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही सोय केली, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आधीच्या १९८६ च्या कायद्यात सामनेवाला जिथला किंवा प्रकार जिथे घडला तिथे जावं लागायचं, म्हणजे आम्हाला २,०५० रुपयांसाठी दर तारखेला दोन तासांचा प्रवास. शिवाय मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

मी आधी नोटीस पाठवायचं ठरवलं. एक पान, मराठीत. तारीख, तिकिटांचे क्रमांक, खिडकीवर दोनदा विचारलेला प्रश्न आणि दोनदा मिळालेलं उत्तर, बंद राइडची यादी, एक वाजताचा भोंगा. सेवेत कमतरता असताना घेतलेले पैसे बिलावरच्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न करणं ही कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे एक वाक्य. पंधरा दिवसांत २,०५० रुपये न मिळाल्यास सांगलीच्या जिल्हा आयोगात जाईन, हे शेवटचं. रागाचं विशेषण एकही नाही. पहिल्या मसुद्यात नऊ होती, मोठीने मोजून काढली.

सोबत फोटो जोडायचे म्हणून सासूबाईंनी काढलेले बघायला घेतले. एकूण त्रेसष्ट. चाळीस धाकट्याचे, मशरूमखाली. अकरांत त्यांचा अंगठा. पण उरलेल्या बारांत सगळं होतं: एकेका जिन्याची सुतळी, फळ्यावरचं ‘दु. १ वा.’ आणि शेजारच्या घड्याळात एक वाजून सहा मिनिटं, मागे सपाट पाणी. घड्याळ फोटोत घ्या असं मी सांगितलं नव्हतं.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली. पोचल्यावर सहाव्या दिवशी फोन आला, खुद्द मॅनेजरचा, जेवण झालेलं असावं. “मॅडम, तुम्ही सगळे परत या, पाच कॉम्प्लिमेंटरी पास देतो.” मी म्हटलं, पास नकोत. “मग हजार रुपये?” मी म्हटलं, २,०५०. “एवढ्याशा पैशासाठी तुम्ही आयोगात जाणार?” मी म्हटलं, फोटो बघितलेत का, घड्याळाचा? तिकडे थोडा वेळ शांतता. “बघतो,” म्हणाले.

आणखी आठवड्याने खात्यावर १,७५० जमा झाले. तीनशे कसले कापले विचारलं तर माणशी साठ रुपये बुकिंग फी, ती म्हणे त्यांच्याकडे येतच नाही. त्यासाठीही भांडता आलं असतं. पण शाळा सुरू होऊन महिना झाला होता, सात आठवडे मी ह्या माणसांशी बोलत होते, आणि मला आता त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. ‘रक्कम मिळाली, तक्रार मिटली’ असं लिहून दिलं.

रात्री जेवताना सांगितलं. आमचे हे खूश झाले, धाकट्याने पास का घेतले नाहीत म्हणून तोंड फुगवलं. सासूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, “माझ्या तिकिटाचे आले का गं?”

“नाही आई. ते लिहिलेलं होतं साइटवर.”

“बरं. मग फोटोंची मजुरी दे.”

मी पन्नास रुपये काढून दिले. त्यांनी नोट उलटसुलट करून बघितली, आणि म्हणाल्या, “बारा फोटो होते ना?”