डिलन कमी बोलू लागला, बेस जास्त

बॉब डिलनचा 'जॉन वेस्ली हार्डिंग' हा अल्बम पहिल्यांदा ऐकणार असाल, तर हेडफोन लावा आणि गायकाकडे जरा दुर्लक्ष करा. चार्ली मॅकॉयचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐका. (बेसवर माझा जीव आहे, त्यामुळे हे मत एकतर्फी समजायला हरकत नाही.) डिलनची गिटार साधा ठेका धरून असते, केनी बट्रीचे ड्रम्स आटोपशीर, आणि बेस मात्र ओळीओळीमागे धावतो, थबकतो, पुन्हा निघतो. तीन माणसं, बस. बीटल्सचा भरगच्च वाद्यांचा अल्बम 'सार्जंट पेपर' आला त्याच वर्षाची, १९६७ ची, ही गोष्ट.

हा अल्बम कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकन ग्रामीण वळणाच्या संगीताकडे, झुकतो. त्याचं श्रेय लोक नॅशव्हिलला देतात, कारण तो रेकॉर्ड झाला ते हे शहर कंट्रीचं माहेरघर. मला ते पटत नाही. १९६६ चा 'ब्लाँड ऑन ब्लाँड'सुद्धा बराचसा नॅशव्हिललाच रेकॉर्ड झाला. मॅकॉय आणि बट्री तिथेही होते, निर्माता बॉब जॉन्स्टनही तोच. पण तो दुहेरी अल्बम, ऑर्गन आणि गिटारींनी गजबजलेला, आणि शेवटचं अकरा मिनिटांचं गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू अडवून बसलेलं. शहर तेच, वादक तेच. बदलला तो गाणी लिहिणारा.

मधल्या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला, दौरे थांबले. १९६७ चा उन्हाळा 'द बँड' या त्याच्या साथीदार वादकांच्या मंडळींबरोबर तळघरात गाणी करण्यात गेला. त्यातलं एकही इथे नाही. इथली बारा गाणी वेगळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या तीन बैठकांत उरकलेली.

आधीचा डिलन एका ओळीत चार प्रतिमा कोंबायचा. इथे बहुतेक गाण्यांना तीन कडवी, ध्रुवपद नाहीच. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' घ्या. दोघांचं बोलणं होतं, मग बुरुजावरचा पहारा दिसतो, शेवटी दूरवरून दोन घोडेस्वार येताना दिसतात आणि गाणं संपतं! गोष्ट खरं तर तिथून सुरू व्हायला हवी. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं १९६८ मध्ये या गाण्यात वादळ भरलं ते थोरच, पण वादळाला जागा या कोरडेपणानंच ठेवली होती. तक्रार एकच: डिलनची हार्मोनिका. काही ठिकाणी ती कानात अक्षरशः खिळा ठोकते.

आणि ज्याला आपण सरळसरळ कंट्री म्हणू, ते शेवटच्या दोनच गाण्यांत आहे. पीट ड्रेकची पेडल स्टील, म्हणजे घरंगळत्या सुरांची आडवी गिटार, येते, संत-फरारी-घरमालक ही सगळी वरात निघून जाते आणि उरतं साधं प्रेमगीत. १९६९ च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'चं दार इथेच उघडतं. तो अल्बम पुष्कळांना जास्त आवडतो. आवाजही तिथे वेगळाच, मऊ लागलाय. मला विचाराल तर तो गोडवा दोन गाण्यांपुरताच बरा.