दर दोन तासांनी

आफ्रिकेतल्या मलावीहून परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी उपासनेनंतर नव्या पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना कोणी ना कोणी म्हणतंच, "यांनी मिशनसाठी फार त्याग केला." मी हात जोडते आणि गप्प राहते. आज लिहायला बसले, कारण त्या वाक्यात माझ्या ताईचं नाव कधीच येत नाही.

नागपूरच्या ख्रिस्ती घरातली लेकरं हिस्लॉप साहेबांची गोष्ट ऐकत मोठी होतात. स्टीफन हिस्लॉप 1845 साली इथे आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना पाठवलं होतं. पुढल्याच वर्षी त्यांनी शाळा काढली, आजचं हिस्लॉप कॉलेज तिच्यातूनच उभं राहिलं. गोंडांचे शब्द आणि गाणी त्यांनी टिपून ठेवली, या भागातल्या खडकांचा अभ्यास केला. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना भरलेल्या नाल्यात ते बुडाले. संडे स्कूलच्या बाई इथवर आल्या की थांबायच्या, आणि वर्गात एक शब्द ऐकू यायचा नाही. माझ्या मनात त्याग म्हणजे तेच चित्र बसलं. परका देश, पुराचं पाणी, आणि एका क्षणात सगळं देऊन टाकणं.

म्हणून देवाच्या पाचारणाची जाणीव झाली तेव्हा मी अतिदक्षता विभागातली अकरा वर्षांची नोकरी सोडली, दागिने मोडले, आणि मेकोसाबागेतल्या घरी आई आणि ताईला ठेवून निघाले. मुंबई, आदिस अबाबा, लिलाँग्वे. तिथून बसने उत्तरेकडे म्झुझू, आणि पुढे म्झिंबा जिल्ह्यातलं एक लहानसं मिशनचं इस्पितळ.

तिथे गेल्यावर कळलं की हिस्लॉप साहेबांना नागपूरला पाठवणाऱ्या त्याच फ्री चर्चने 1875 साली मलावी सरोवराकाठी लिव्हिंग्स्टोनिया मिशन सुरू केलं होतं. मला ती जागा एकदम नात्यातली वाटू लागली. पण तिथे मनात घर केलं ते विल्यम कोयी यांनी. ते दक्षिण आफ्रिकेच्या लव्हडेल मिशन शाळेत शिकलेले, खोसा जमातीचे गृहस्थ, 1876 मध्ये मलावीला आले. तिथल्या न्गोनी लोकांची भाषा त्यांच्या भाषेच्या जवळची, त्यामुळे गोऱ्या मिशनऱ्यांना जिथे बोलताच येत नव्हतं तिथे ते बसून बोलले. दहा वर्षांनी, 1886 मध्ये, त्या लोकांमध्येच वारले. आपल्या संडे स्कूलमध्ये हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं.

अधीनता हा शब्द मी प्रार्थनेत हजारदा वापरला असेल. तो शिकवला आमच्या वॉर्डच्या इनचार्जने. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, शिक्षण माझ्याहून कमी. तिकडे बाईमाणसाला आदराने 'मामा' म्हणतात, ते माझ्या मराठी जिभेला वळायलाच महिना लागला. पहिल्याच आठवड्यात मी रोग्यांच्या नातेवाइकांना वॉर्डबाहेर काढलं, खाटांची रचना बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पूर्वीसारखं. मामा एक शब्द बोलली नव्हती. तिकडे रोग्याचं जेवण नातेवाईकच रांधतात, अंघोळ तेच घालतात. त्यांना बाहेर काढणं म्हणजे निम्मा कर्मचारीवर्ग बाहेर काढणं. आपल्या नागपूरच्या मेडिकल इस्पितळाच्या व्हरांड्यात पथारी टाकून पडलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली होती, तरी मला हे सुचलं नाही.

मग पावसाळ्यातली एक रात्र. पाऊस लागला की तिकडे मलेरियाची लेकरं येतात. तीनेक वर्षांचा मुलगा, तळहात कागदासारखे पांढरे, श्वास उथळ. वीज गेलेली, कपाळाला बांधलेल्या दिव्यात मी शीर शोधत होते. रक्त द्यावं लागणार हे उघड होतं. आणि मामा? ती मुलाच्या आजीसमोर ओल्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकून बसली होती. तिकडे वडीलधाऱ्यांशी बाई अशीच बोलते. आधी नमस्कार, मग घरची विचारपूस, मग मुलाची गोष्ट. माझा जीव वरखाली होत होता. मी ओरडले, "वेळ नाही!" तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन-तीन मिनिटांनी आजीने मान हलवली, आणि बाहेर बसलेला मुलाचा काका स्वतःच बाही वर करत आत आला. त्या घरचं एक मूल आधी दुसऱ्या एका इस्पितळात काही न विचारता, न सांगता सुया टोचत असतानाच गेलं होतं. हे मामाला माहीत होतं. मला माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

पोरगा जगला. दुसऱ्या सकाळी मी आजीसमोर गुडघे टेकून "येवो", म्हणजे तिकडच्या भाषेत आभार, म्हटलं, तर त्या म्हातारीने माझे दोन्ही हात धरून ठेवले.

दुसऱ्या वर्षी इकडे आईला लकवा मारला. ताईने मला तीन आठवडे सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तू ये म्हणून नाही सांगत, प्रार्थना कर म्हणून सांगते." मी आले नाही. माझा करार अजून वर्षभराचा होता, वॉर्डात माणसं कमी होती, आणि खरं सांगायचं तर पुराच्या पाण्यातून मागे फिरणारी मिशनरी मला व्हायचं नव्हतं. ताईची त्या वर्षी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवड ठरली होती. तिने ती नाकारली, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, परत आल्यावर.

परतले त्या रविवारी चर्चच्या मंडळीने हार घातला, साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, सांगितलं. मी माईकवर बोलत होते. ताई शेवटच्या बाकाजवळ, आईची चाकाची खुर्ची धरून. आईची लाळ पुसायला ती मधूनच वाकायची.

घरी उशीखाली एक शाळेची वही होती. पानापानावर रेघा आखून ताईच्या सुबक अक्षरात: 10 डावी, 12 उजवी, 2 डावी, 4 उजवी. आईची कूस बदलल्याच्या वेळा. रात्रीच्यासुद्धा. आईच्या अंगावर पडून राहिल्याने होणारी एकही जखम नव्हती. अकरा वर्षं मी अतिदक्षता विभागात काम केलंय, मला माहीत आहे याचा अर्थ काय. मी वही हातात घेऊन रडायला लागले, तर ताई म्हणाली, "काऊन रडून राहिली बाप्पा? शिस्त तर तूच शिकवली होतीस."

मंडळीच्या वृत्तांतात माझा फोटो छापून आला. मी पाळकसाहेबांना म्हटलं, ताईचं नाव घाला. ते म्हणाले, "त्यांनी तर घरचंच केलं ना." ते वाईट मनाने बोलले नाहीत, पण मला ते अजून पटलेलं नाही.

त्या दिवसापासून रात्रीच्या वेळा मी घेतल्या. पहिल्या रात्री दोनला उठले, आईला डावीकडे वळवलं, पाठीला उशी लावली. ताई दारात उभी होती. "तशी नाही, घोट्याखाली पण एक दे. आणि आधी तिला सांग, मग हात लाव. तिला कळतं सगळं."

मी खाटेशी गुडघे टेकले. आईच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, कूस बदलते हं." आणि उशी काढून परत लावली.