कडक कंपायलरसमोर आमचा जुना प्रोग्रॅम: माझा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांच्या क्रेटचे वजन नोंदवणारा आमचा सी भाषेतील प्रोग्रॅम अनेक वर्षे ३२ बिट लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने) बिनतक्रार कंपाइल होत होता. मे महिन्यात तो ६४ बिट विंडोजवर, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने कंपाइल करण्याचे काम माझ्याकडे आले. त्याआधी जीसीसीलाच सी९९ (सी भाषेचे १९९९चे प्रमाण) आणि पेडँटिक-एरर्स (प्रमाणाबाहेरच्या वापरावर एरर देणारा) हे पर्याय देऊन पाहिले, तेव्हा पडदाभर एरर उमटले.

बहुतेक एरर व्हॉइड पॉइंटरच्या, म्हणजे कोणत्या प्रकारचे मूल्य आहे हे न सांगता मेमरीतला केवळ पत्ता ठेवणाऱ्या चलाच्या, बेरजेचे होते. व्हॉइडला आकारच नसल्यामुळे ही बेरीज प्रमाण सीमध्ये बसत नाही; जीसीसी मात्र सवलत म्हणून तो आकार एक बाइट धरतो. आमच्या नोंदीत पहिले चार बाइट क्रेटच्या क्रमांकाचे आणि पुढचे चार वजनाचे असल्याने मूळ कोडमध्ये सरळ चार मिळवले होते. मी घाईने तेथे इंट (पूर्णांक) पॉइंटरचा कास्ट घातला, म्हणजे तो पत्ता इंटचा आहे असे कंपायलरला सांगितले. एरर गेला, पण बेरीज आता चार-चार बाइटच्या इंटमध्ये मोजली जाऊन तेच चार म्हणजे सोळा बाइट झाले, आणि पहिल्या क्रेटचे वजन म्हणून तिसऱ्या क्रेटचा क्रमांक छापला गेला. कास्ट अनसाइन्ड कॅर या एका बाइटच्या प्रकाराचा केल्यावर आणि मूल्य मेमकॉपी या बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या फंक्शनने उचलल्यावर वजन जुळले. केसमधील तीन टिंबांच्या रेंज सुट्या लिहिणे आणि स्टेटमेंट एक्सप्रेशनच्या मॅक्रोऐवजी साधे फंक्शन लिहिणे (या दोन्हीही जीसीसीच्याच सवलती) हे तासाभराचे काम होते.

खरा धोका एकाच एररमध्ये होता. दुसऱ्या फाइलमधील, पॉइंटर परत करणारे एक फंक्शन डिक्लेरेशनशिवाय, म्हणजे ते काय परत करते हे आधी न सांगता, वापरले होते. सी९९पासून हे चालत नाही, पण जुन्या नियमाने कंपायलर ते इंट परत करते असे धरतो. ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर दोन्ही चार बाइटचे, म्हणून निभावले. ६४ बिटवर पॉइंटर आठ बाइटचा असल्याने त्याचे वरचे चार बाइट गळून पत्ताच चुकला असता. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर येथे केवळ वॉर्निंग देतो, म्हणून आधी जीसीसीवर कडक तपासणी केली हे फार बरे झाले, असे मला मनापासून वाटते. जीसीसीही इतकी वर्षे वॉर्निंग देतच असणार, परंतु मेकफाइलमध्ये (कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) सर्व वॉर्निंग दाबणारा डॅश-डब्ल्यू पर्याय लिहिलेला होता. हेडरमध्ये डिक्लेरेशन घालून मी तो पर्याय खोडला आणि त्याच जागी पेडँटिक-एरर्स लिहिले.