बुटातला पाऊस

दुकानातल्या पोराने बाटलीचं झाकण उघडलं आणि नव्याकोऱ्या बुटावर सरळ पाणी ओतायला सुरुवात केली. माझा हात आपोआप पुढे गेला. बारा हजारांचा बूट तो. बाहेर पुष्य नक्षत्राचा म्हातारा पाऊस लागलेला, दुपारी तीनलाच बेळगावच्या खडेबाजारात दिवे लागलेले, गटाराचं पाणी पहिल्या पायरीला टेकलेलं, आणि हा आत बसून वरून आणखी पाणी ओततोय. बुटावर पाण्याचे मणी झाले, अळवाच्या पानावर होतात तसे, आणि घरंगळत खाली अंथरलेल्या जुन्या पेपरावर पडले.

"बघा की सर. थेंब आत जाणार नाही."

"आणि आत गेलेला?"

"आत जाणारच नाही की ओ."

त्याने बूट उलटा करून झटकला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला नऊ नंबर आणायला माळ्यावर चढला. मी आपला एका पायात बूट, एका पायात मोजा, असा बाकावर बसून राहिलो.

दोष भाच्याचा. तो बंगळूरला असतो, कॉम्प्युटरवर बसून जगतो आणि शनिवार-रविवारी डोंगरात पळतो. गेल्या पावसाळ्यात मला राजहंसगडावर घेऊन गेला. गाडीरस्ता असताना त्याला पायवाटच हवी होती. माझ्या पायात व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला घालतो तेच बूट, तळ रोटीसारखा गुळगुळीत. शेवाळलेल्या दगडावर पाय पडला आणि मी बसलो. म्हणजे बसवला गेलो. भाचा हसला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "मामा, तुमाला ट्रेलचे बूट पाहिजेत," एवढंच म्हणाला.

ट्रेल म्हणजे पायवाट. आमच्या लहानपणी पायवाटेने पळणाऱ्याच्या मागे एक तर कुत्रं असायचं, नाहीतर काका. हौसेने पळणारा मी पहिल्यांदा पाहिला तो थेट कॅम्पात, मराठा लाइट इन्फंट्रीची नवी भरती झालेली पोरं पहाटे एका लयीत पळताना. तेही हौसेने पळत होते असं आता वाटत नाही.

भाच्याने फोनवर यादीच पाठवली होती. बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय फुगतात. (मी तीनला गेलो, तेवढा पाय फुगायचा राहिला असेल.) ज्या मोज्यावर पळणार तोच घालून जायचा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. तळाचे दात चार-पाच मिलिमीटर असले तर सगळीकडे चालतात. निव्वळ चिखल असेल तर सहा-आठ, पण तसले दात डांबरी रस्त्यावर लवकर झिजतात. आणि सगळ्यात शेवटी, उद्गारचिन्हासकट: वॉटरप्रूफ घ्यायचे का ते नीट विचार करून ठरवा!

तर मी विचार करत होतो. खरं म्हणजे मोज्याचा करत होतो. बुटाच्या दुकानात जाताना मोजा फाटकाच का निघतो, हे मला पन्नाशी उलटली तरी उमगलेलं नाही. घरातून निघताना धड असतो. दुकानात बूट काढला की अंगठा बाहेर डोकावून हजर. मग आपण तो दुसऱ्या पायाखाली लपवतो, पोरगं म्हणतं, "पाय पुढे घ्या की सर." आई फ्यूज उडालेला बल्ब मोज्यात घालून त्यावर रफू करायची. बल्बच्या गोलावर भोक ताणलं जायचं आणि त्यावर आडवे-उभे धागे, चटईसारखे. आता एलईडीचे बल्ब प्लास्टिकचे, रफू करणारी आई नाही, आणि मोजे तीन जोड्या दोनशेला.

वॉटरप्रूफचं मात्र मी वाचून गेलो होतो. बुटाच्या कापडाआड एक पातळ पडदा असतो. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर नावाचा माणूस टेफ्लॉनचे तापवलेले दांडे हळूहळू ओढून ताणत होता आणि ते सारखे तुटत होते. शेवटी वैतागून त्याने एक दांडा झटक्यात ओढला. तो तुटला नाही, लांबच लांब ताणला गेला आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा थेंब शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. म्हणजे हा बूट आमच्या स्वयंपाकघरातल्या नॉनस्टिक तव्याचा चुलतभाऊ. वैतागून झटका दिला की काम होतं, हे मला पटलं. आमच्या स्कूटरचंही तसंच होतं.

पण वाफ बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड हवी. जुलैत कणकुंबीला कोरडी हवा कुठून आणायची? तिथे काडेपेटी पेटत नाही, पापड हातात लवतो, अंथरुणाला हात लावला तर ओलं आहे की गार हेच कळत नाही. घाम बाहेर जाणार तरी कुठे? आणि पाऊस काही बुटाच्या कापडातूनच येतो असं नाही. तो पिंढरीवरून ओघळत, मोज्याचा हात धरून, वरच्या उघड्या दारातून सरळ आत उतरतो. एकदा उतरला की तोच पडदा त्याला बाहेर सोडत नाही.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला मुंबईचा काका माहीत होता.

आमचं गाव जांबोटीच्या अलीकडे. लाल माती, भाताची खाचरं, आणि पावसाळ्यात मलप्रभा एवढी भरायची की हब्बनहट्टीच्या मारुतीच्या देवळातच पाणी शिरायचं. नट्टीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या दिवसांत शाळेत निम्मी पोरं नसायची, मास्तरही विचारायचे नाहीत. डोक्यावर गोणपाटाची खोळ, बायकांच्या पाठीवर इरली, आणि पाय उघडे. चिखलात उघडा पाय घातला की तो आधी गार, मग कोमट लागतो, बोटांच्या फटींतून चिखल वर येतो, आणि उपसताना 'पचक' असा आवाज होतो. तो आवाज मला अजून कुठल्याही बुटातून काढता आलेला नाही.

अशा एका जुलैत मुंबईचा काका सुट्टी काढून नट्टीला आला, गुडघ्यापर्यंत काळेभोर गमबूट घालून. आम्ही पोरं त्याच्यामागून वरातीसारखी निघालो. काका बांधावर उभा राहिला, आमच्या पायांकडे बघून म्हणाला, "आजार होतील रे असे." आणि खाचरात उतरला. दोन पावलं बरी गेली. तिसऱ्याला चिखलाने डावा बूट धरला. काकाने पाय ओढला तर पाय वर आला, बूट खालीच. मोजा घातलेला तो पाय हवेत धरून काका बगळ्यासारखा उभा, तोल सावरायला आबांच्या खांद्याला धरायला गेला आणि दोघेही रोपांच्या मुठीवर. उजवा बूट निघाला तेव्हा त्यातून तांब्याभर पाणी आणि एक खेकडा पडला. डावा निघालाच नाही. बैल लावायचं तेवढं राहिलं होतं.

तो निघाला पुढच्या उन्हाळ्यात, नांगराच्या फाळाला लागून. तसाच काळाभोर, आत घट्ट माती. वॉटरप्रूफ म्हणजे काय ते तेव्हा पाहिलं: जवळजवळ वर्षभर जमिनीत राहून चीर गेली नव्हती. आजीने तो धुतला, सुंभात ओवला आणि दृष्ट लागू नये म्हणून परड्यातल्या फणसाला टांगला. काका गणपतीला आला की त्याच्याकडे न बघता घरात शिरायचा.

आबांना पायताणाची अशी काही चिंता नव्हती. त्यांच्या चपला अथणीच्या, कोल्हापुरी. मृग लागला की तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर, दसऱ्याला खाली. मधले चार महिने अनवाणी, नाहीतर रबरी स्लिपर. चामडं भिजलं की चप्पल फुगते, शिवण सुटते, ती जाते, म्हणून पावसाळ्यात चप्पल वाचवायची. पाय वाचवायचा विचार कुणी केला नाही, पाय फुकटच आले होते. दसऱ्याच्या दिवशी आबा चालायला लागले की करकर आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा आणि पाऊस संपला असं अधिकृतपणे समजायचं. या कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकाचे, असे दोन्हीकडचे घेतले, त्यात आमचा बेळगावही. चपलेपुरता सीमाप्रश्न कुणाला कळायच्या आतच सुटला.

चप्पल सोडून बाकीचा आहे तिथेच आहे, आणि बराचसा माझ्या बुटांत आहे. ओल्या बुटात पेपर कोंबायची मला खोड आहे. हीटर नको, पंखा नको. पेपरच, आणि तोही 'तरुण भारत'च, त्याचा कागद पाणी चांगलं पितो अशी माझी समजूत आहे. रात्री दोनदा उठून ओला गोळा काढायचा, कोरडा कोंबायचा. महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला तो 2004 साली. तेव्हापासूनच्या पुढच्या तारखा मी किती बुटांत कोंबल्या असतील! एकदा सकाळी पांढरा मोजा काढला तर चवड्यावर उलटी अक्षरं उमटलेली. आरशासमोर पाय धरून वाचायचा प्रयत्न केला. बायको दारात उभी होती. "मी सांगतो तुम्हाला," ती म्हणाली, "आणखी एक जोडी आणलात तर मी चपलांचं स्टँड उचलून जिन्यात ठेवतो." आमच्याकडे बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. पुण्याची वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा चार दिवस गोंधळली होती, पाचव्या दिवशी जाताना स्वतःच "येतो हं" म्हणाली.

असो. बूट.

भाच्याबरोबर पुन्हा जाणार तर पावसातच जाणार, हे नक्की. तो वैजनाथचा डोंगर धरायचा म्हणतोय. तिथे पोचलं की बूट महाराष्ट्रात, उतरलं की कर्नाटकात. चिखल दोन्हीकडे तोच. मधे ओढे आहेत, आणि ओढ्यात पाय घालायचाच असेल तर जाळीचा साधा बूट बरा. पाणी आत येईल, दहा पावलांत पचपचत निघून जाईल, पाय ओला राहील पण पाण्यात राहणार नाही. वॉटरप्रूफ बूट थंडीत, दवात, हलक्या सरीत राजा. बर्फाळ मुलखात तर विचारायलाच नको. आमच्याकडे तो काकाचा गमबूट आहे, फक्त फीतवाला. शिवाय वजनाला जास्त, वाळायला दोन दिवस, म्हणजे चार पेपर. आणि जळवा काय, दोन्हीत शिरतात. त्यांना मीठच लागतं.

एवढं सगळं ठरलं होतं, तरी मी त्या मण्यांकडे बघत बसलो होतो. पाणी न लागणं बघायला छान वाटतं.

पोरगं माळ्यावरून उतरलं. माझ्यापुढे उकिडवं बसलं, बुटाच्या टोकावर अंगठा दाबून जागा बघू लागलं. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. त्याच्या पायात रबरी स्लिपर, पँट दोन घड्या दुमडलेली. बोटांच्या फटी केशरी होत्या, आणि त्या केशरी रंगाखाली कातडी पांढरी, फाटलेली.

चिखल्या. वर वाटलेल्या मेंदीच्या पाल्याचा रंग.

आबांच्या पायाला आई रोज रात्री लावायची. कंदिलाजवळ पाय पुढे करून ते भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटून, आणि ती एकेक बोट बाजूला करून पाला भरायची. झोंबायचं तेव्हा आबांचा फक्त गुडघा हलायचा. सकाळी पुन्हा खाचरात. आम्हा पोरांना वाटायचं, आबांना मेंदीची आवड आहे.

"कुठला रे तू?" मी विचारलं.

"येळ्ळूरचा की सर."

"नट्टी झाली?"

"काल सपली. दोन दिवस सुट्टी मागून घेतलो हुतो." त्याने पाय जरा मागे घेतला, मी मघाशी मोजा लपवला होता तसाच. "हा बसतोय की बरोबर. देऊ काय?"

"जाळीचा दाखव," मी म्हटलं. "आत गेलेलं पाणी बाहेर येणारा."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून मागच्या फळीवरून एक राखाडी जोडी काढली, किंमत निम्म्याहून कमी.

"शेतात चालंल हा," तो म्हणाला.

"घालशील तू?"

"बूट घालून नट्टी लावतंय काय ओ कोण?" तो हसला, आणि खोका तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळायला लागला, भिजू नये म्हणून.