निफाडची थंडी, नांदुरीचा घाट आणि जिप्सीचे दोन सेन्सर

कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सीला फ्युएल इंजेक्शन बसवलं की ट्यूनिंगचा कस दोनच ठिकाणी लागतो: गारठलेलं इंजिन सुरू करताना आणि तापलेलं इंजिन घाटात रेंगाळताना. नाशिककरांना दोन्ही एकाच सकाळी मिळतं. डिसेंबरात निफाडला मुक्काम करायचा, पहाटे स्टार्टर मारायचा आणि पिंपळगाव, वणी करत नांदुरीमार्गे सप्तशृंगी गड गाठायचा.

निफाडला गाडी रात्रभर उघड्यावर होती. पहाटे चावी नुसती ऑन केली. लॅपटॉपवर दोन्ही सेन्सरचे आकडे पाहिले: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ७ अंश, इंजिनात जाणारी हवा ७ अंश. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. नसतील तर स्टार्टरला हात लावू नका. उणे ४० दिसलं तर बहुधा वायर तुटलीय. ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं आपण बर्फात आहोत, मग तो पेट्रोल ओतत सुटतो आणि प्लग ओले होतात.

बसवण्याआधी कूलंटचा सेन्सर तपासून घ्या. तापमान वाढलं की त्याचा रोध उतरतो. नेहमीचा बॉश पद्धतीचा सेन्सर २० अंशांना अडीच किलो-ओहम दाखवतो, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास. उकळत्या पाण्यात टोक बुडवून मल्टिमीटर लावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे पाणी ९८ लाच उकळतं; दोनशे ओहमच्या आतबाहेर आलं की झालं.

त्याच्या जागेवरून मिस्त्रींशी वाद झाला. ते म्हणाले, "रेडिएटरच्या वरच्या पाइपात टाकू साहेब, अर्ध्या तासाचं काम." पण थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत तिथे गरम पाणी पोचतच नाही. म्हणून थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला जागा धरली आणि सातपूरच्या लेथवर बारा बाय दीडचे (१२ मिमी व्यास, दीड मिमी पिच) आटे पाडून घेतले. या सेन्सरच्या दोन्ही वायरी थेट ईसीयूकडे न्या, अर्थिंग बॉडीला देऊ नका. डॅशबोर्डच्या काट्याचा एकवायरी सेन्सर मात्र आट्यांतूनच अर्थ घेतो, त्याला टेफ्लॉन गुंडाळू नका. कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा; आत हवा अडकली तर आकडा उड्या मारतो.

वणीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. रस्ता बरा, द्राक्षाचे ट्रॅक्टर सांभाळा.

नांदुरीला चहाला थांबलो. बंद बॉनेटखाली हवेचा सेन्सर ३१ वरून ५२ वर गेला. तापलेली हवा विरळ समजून ईसीयू पेट्रोल कापतो, म्हणून निघताना गाडी जरा अडखळली. दोन वळणांत आकडा उतरला, कारण सेन्सर फिल्टरपुढच्या प्लास्टिक पाइपात आहे. धातूच्या मॅनिफोल्डमध्ये असता तर घाटभर तापलेलाच राहिला असता. एसटीच्या मागे पहिल्या गियरमध्ये चढतानाही कूलंट ९५ च्या पुढे गेलं नाही.

डिकीत ३३० ओहमचा एक रेझिस्टर टाकून ठेवा. वाटेत कूलंट सेन्सर गेला तर त्याच्या कनेक्टरमध्ये खोचायचा. ईसीयूला ८० अंश दिसतात आणि गाडी घरी येते. फक्त रेडिएटरचा फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत चालू, करा आणि डॅशबोर्डच्या जुन्या काट्यावर नजर ठेवा. इंजेक्शन बसवताना तो काटा काढून टाकू नका, तो यासाठीच.