मावठ्याचे सहा दिवस

8 जानेवारी

दुपारी वारा फिरला. सकाळपर्यंत उत्तरेचा, कोरडा, बोचरा होता. आता पूर्वेचा आणि दमट. सांवेरच्या बाजूचं आभाळ दुधाळ झालंय, रात्री दुलईत उकडतंय. मावठा येणार. माळवीतही मावठाच म्हणतात, इंदूरच्या मराठी घरात या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. हिमालयात बर्फ टाकणाऱ्या पश्चिमी झंझावाताचं शेपूट खाली लांबलं आणि समुद्रावरची वाफ त्याला मिळाली, की पौषातही माळव्यावर पाऊस पडतो.

अडीच एकरांच्या मळ्यात पाऊस येण्याआधी करायची कामं दोन तासांची असतात, पण ती आजच झाली पाहिजेत. बटाट्याच्या सऱ्यांची खालची तोंडं फोडून पाणी बांधाच्या चराकडे वळवायचं. गव्हाला पाणी चालू असेल तर बंद करायचं. ओल्या रानावर वारा आला की ओंबी धरायला आलेला गहू मुळासकट लोळतो. गोठ्यातला भुसा भिंतीपासून हातभर आत ओढायचा. बियाण्याचं सोयाबीन फळीवर ठेवायचं, थप्पी चार पोत्यांपेक्षा उंच नको. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक असतं. वरच्या वजनानं आणि आदळआपटीनं आतला अंकुर दुखावतो आणि जूनमध्ये उगवण मार खाते. मोटारीच्या स्टार्टरची पेटी बंद करून वर पत्र्याचा तुकडा बांधला, की ओल्या हातानं तिकडे जायचं कारण उरत नाही.

9 जानेवारी

पहाटे तीनपासून संथ पाऊस. सरळ भिंतीच्या डब्यात सकाळी आठपर्यंत 18 मिलिमीटर. डबा उघड्यावर ठेवावा. झाडाखाली किंवा पागोळीखाली ठेवलेला खोटं बोलतो.

आज रानात पाय घालायचा नाही. काळ्या मातीच्या माणसाला हे कळतं पण वळत नाही. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यातल्या भेगा मिटतात आणि मग पाणी आत जायची वाट जवळजवळ बंद होते. अशा रानात एक चक्कर मारली तरी पायाखालची माती दाबली जाऊन तिथे विटेसारखा थर बसतो, आणि त्या ठशांतली मुळं पुढे महिनाभर गुदमरतात. पाऊस पडताना पीक बघायचंच असेल तर बांधावरून बघावं.

10 जानेवारी

आणखी 14 मिलिमीटर. दोन दिवसांचे मिळून 32. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी. म्हणजे एकरी जवळजवळ 1,30,000 लिटर फुकट आलं, तेही वीज न जाळता. पण गव्हाला द्यायच्या पाण्याची एक पाळी 50 ते 60 मिलिमीटरची असते, तेव्हा पुढची पाळी रद्द करायची नाही, आठ-दहा दिवस पुढे ढकलायची. पावसाच्या ओलीवर युरिया फेकायची घाई करू नये. साचलेल्या ओल्या मातीत हवा नसते. तिथले जिवाणू नत्राचा वायू करून हवेत सोडतात आणि खिशातला पैसा त्याच्याबरोबर उडतो. गहू पिवळा दिसला तर वाफसा आल्यावर, म्हणजे ओल उतरून रान कामाजोगं झाल्यावर, 2 टक्के युरियाची फवारणी पुरते, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम.

गोठा. पावसाच्या दिवसांत खरी मेहनत इथे. जनावरं दिवसभर आत बांधलेली, शेण-मूत दुप्पट, आणि जमीन वाळत नाही. ओल्या जमिनीवर गाय बसली की कासेला घाण लागते, तिथूनच कासदाह. दूध काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, म्हणून काढणी झाल्याबरोबर तिच्यापुढे वैरण टाकावी. खात उभी राहिली की तेवढा वेळ बसत नाही. सड धुवावेत, पण कोरड्या फडक्यानं पुसल्याशिवाय हात लावू नये. बसायच्या जागी कोरडा भुसा, आणि ओला झालेला भुसा रोज उचलायचा, त्यावर नवा पसरायचा नाही. खुरांसाठी दहा लिटर पाण्यात 500 ग्रॅम मोरचूद. त्यात खुरं बुडवून काढावीत. ते पाणी नंतर खताच्या ढिगावर मात्र ओतू नये. ढीग ज्या जिवांवर चालतो तेच त्यानं मरतात.

बरसीम, म्हणजे गायींचा हिरवा चारा, आज कापला तर सुकणार नाही. ओला, कोवळा बरसीम उपाशी पोटी खाल्ला की गाय डाव्या कुशीला फुगते, तासाभरात जिवावर बेतू शकतं. आधी दोन-तीन किलो सुका भुसा, मग थोडा हिरवा, तोही भुशात मिसळून. पोट फुगलंच तर तिला अशी उभी करावी की पुढचे पाय उंचावर राहतील, आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवावं. फुगीवर घरचा उपाय म्हणून तेल पाजताना जीभ ओढून धरू नये, तेल फुप्फुसात उतरतं.

11 जानेवारी

पाऊस थांबला, ढग आहेत. धुकं दहा वाजेपर्यंत हललं नाही. बटाट्याला हाच दिवस वाईट: थंड हवा, दिवसभर ओलं पान, ऊन नाही. उशिरा येणारा करपा नेमका असाच दिवस बघून येतो. पानाच्या कडेला पाणी लागल्यासारखा काळपट हिरवा डाग दिसतो. खात्री करायची तर सकाळीच पान उलटं करून बघावं: डागाच्या कडेनं बारीक पांढरी बुरशी, साखर भुरभुरल्यासारखी. ऊन चढलं की ती दिसत नाही, आणि माणूस समजतो की डाग नुसता ओलाव्याचा आहे.

डाग नसेल तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला 2.5 ग्रॅम. डाग दिसलाच तर साइमोक्सॅनिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं, लिटरला 3 ग्रॅम, पंधरा लिटरला 45. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, नाहीतर औषध वाया. पानांवरून पाणी टपकत असताना फवारलं तर ते पाण्याबरोबर सरीत जातं. म्हणून दुपारी पानं सुकल्यावर, आणि चालायचं ते सरीच्या तळातून, जिथे पाय कमी रुततो. लसणाला जांभळ्या करप्यासाठी फवारायचं असेल तर चिकट द्रव हवाच. लसणाच्या मेणचट पातीवर थेंब ठरत नाही.

बांधाकडच्या सरीतला एक कंद उकरून बघितला. सालीवर पांढरे, फुगलेले ठिपके, राजगिऱ्याच्या लाह्या चिकटवाव्यात तसे. ही रोगाची खूण नाही, कंदाला श्वास घ्यायला हवा मिळाली नाही तिची खूण आहे. पाणी निघालं तर ठिपके वाळून बसतात. साचून राहिलं तर त्याच उघड्या तोंडांतून सडवणारे जिवाणू आत शिरतात. वरंब्याची माती वाहून कंद उघडे पडले असतील तर भर द्यायला हवी, उन्हानं हिरवे झालेले कंद खाण्याजोगे राहत नाहीत. पण भर आज नाही.

12 जानेवारी

आज खताचा ढीग. यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण हे शास्त्र याच शहराचं आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरला होते. पाला, काड्या, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, वेळेवर उलथून, तीन महिन्यांत खत करायची पद्धत त्यांनी इथे बसवली, आणि जगात ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. त्या पद्धतीत कोरड्या दिवसांसाठी उथळ खड्डा आहे, पावसाळ्यासाठी जमिनीवरचा ढीग. हिवाळा म्हणून खड्डा भरला आणि मावठा आला की नेमकी गफलत होते: खड्ड्यात पाणी उतरतं, हवा कोंडते, कुजण्याऐवजी सडायला लागतं.

तपासायला लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसून दहा मिनिटं ठेवावी. बाहेर काढल्यावर हातात धरवत नाही इतकी गरम असेल तर ढीग जिवंत आहे. थंड, ओशट आणि सडक्या अंड्याच्या वासाची असेल तर पाणी भरलंय. मग वाट बघू नये. सगळं बाहेर काढून शेजारी उंच जागेवर तुरकाट्यांचा वीतभर थर द्यायचा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर ओला माल कोरड्या सोयाबीन भुशाबरोबर थराथरानं, मधे थोडी राख. मूठभर माल दाबला की बोटांवर ओल यावी, थेंब गळू नये. दोन-चार दिवसांत आत ऊब येते. वर पेंढ्याचं छप्पर उतरतं ठेवावं. प्लॅस्टिकचा कागद गच्च बांधला तर पाऊस अडतो खरा, पण हवाही अडते.

संध्याकाळी आभाळ फाटलं, चांदण्या लख्ख. मावठ्यानंतरची पहिली निरभ्र रात्र धोक्याची असते. इकडे हिंदीत म्हणतात पाला पडला; मराठीतला पाला वेगळा, हा दहिवर गोठून पिकाला जाळणारा. एरवी अशा संध्याकाळी हलकं पाणी देतात, कारण ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. आत्ता माती भिजलेलीच आहे. मोटार लावायची गरज नाही.

13 जानेवारी

भोगी. भाजीला हरभऱ्याचे घाटे काढताना पान चावून बघितलं: आंबटपणा जेमतेम. हरभऱ्याच्या पानावरची आंब पावसानं धुतली जाते. कोरडे दोन-तीन दिवस मिळाले की ती परत येते. ढगांमुळे फुलं गळालीत, पण झाड जोमात आहे. नवी फुलं येतील आणि त्यांच्यामागून घाटेअळी. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तरच फवारणी. आधी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) आणि पक्ष्यांना बसायला वीसेक काड्या रोवाव्यात. साळुंक्या आणि कोतवाल बरंच काम करतात.

दुपारी वाफसा बघितला. चार बोटं खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. चपटा होऊन बसला तर थांबायचं, फुटला तर रान तयार. वरच्या पट्ट्यातला गोळा तीन तुकड्यांत फुटला. तिथे उद्या भर देता येईल. बांधाकडचा अजून पोळीच्या कणकेसारखा आहे, त्याला आणखी दोन दिवस.