थांब म्हटलं तिथे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोदापार्कला सकाळी चालायला येणाऱ्या मैत्रिणी विचारतात, पुण्याहून भाचीचा फोन आला की ती विचारते, एखाद्या लग्नात शाळेतली जुनी सहकारी भेटली की तिचाही पहिला प्रश्न हाच असतो: "सध्या काय वाचतेयस? चांगलं असेल तर नाव सांग." मी शाळेत गणित शिकवायचे, पण स्टाफरूममध्ये माझ्या पिशवीत कायम एखादं पुस्तक असायचं, तेव्हापासून हा प्रश्न मागे आहे. तर नावंच हवी असतील तर दोन आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' रोज चालू आहेत आणि दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' महिन्याला एक प्रकरण, असं चालू आहे.

पण नुसती नावं सांगितली की उत्तर अर्धंच राहतं, कारण ही पुस्तकं मी एकटी वाचत नाही. रोज रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की साडेआठला मी सासूबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढते आणि त्यांना वाचून दाखवते. दोन वर्षं झाली. सासूबाईंना आता त्र्याऐंशीवं चालू आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची छान झाली होती, पण नंतर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. कडेचं त्यांना दिसतं. दारातून कोणी आलं हे कळतं, चेहरा कळत नाही. पेपर हातात घेतला तर पेपर दिसतो, पण ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच अक्षर नाहीसं होतं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभासद. 1840 सालचं ते वाचनालय, आणि त्यांच्या बोलण्यात ते माहेरासारखं येतं. अशा बाईला अक्षर दिसेनासं होणं म्हणजे काय, ते मी रोज बघत होते.

आधी मुलानं फोनवर ऑडिओबुक लावून दिली. वाचणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, उच्चार स्वच्छ होते. सासूबाईंनी चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी फोन बाजूला ठेवला. म्हणाल्या, "त्या थांबत नाहीत गं. मला मध्येच काही आठवलं तर मी ते कोणाला सांगू?"

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले.

मोठ्यानं वाचायला लागल्यावर पुस्तक निराळंच होतं. मनात वाचताना आपण किती शब्दांवरून नुसते सरकत जातो ते लक्षात येतं. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार, लिहिताना मात्र अक्षर एकच. 'जरा' हा शब्द पुढे आला की तो 'थोडं' या अर्थाचा की 'म्हातारपण' या अर्थाचा, हे तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं. एकदा माझा उच्चार चुकला तर सासूबाईंनी लगेच टोकलं, "वय झालंय म्हणतेय ती, जरा वेळ बस म्हणत नाहीये." आणि वेग! एका पानाला तीन मिनिटं तरी जातात. चारशे पानांचं पुस्तक म्हटलं की दोन-अडीच महिने त्या माणसांसोबत राहायचं. पूर्वी मी आठवड्याला दोन पुस्तकं संपवायचे, आणि खरंच सांगते, त्यांतलं आज फारसं काही आठवत नाही.

सासूबाई मध्येच म्हणतात, "थांब." कधी मागची ओळ पुन्हा हवी असते, कधी त्यांना काही सांगायचं असतं, कधी नुसतं थांबायचंच असतं. त्या थांब म्हणाल्या की मी समासात पेन्सिलीनं बारीक टिंब देते. वाचनालयाच्या पुस्तकात असं करता येत नाही, म्हणून तिथे कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या चिठ्ठ्या घालते. पुस्तक आवडलं की नाही हे मी आता या टिंबांवरून ओळखते.

'स्मृतिचित्रे'त सर्वांत जास्त टिंबं आहेत. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. ते नाव आलं आणि लगेच पहिलं थांब आलं. "जलालपूर म्हणजे आपलं गंगापूरच्या वाटेवरचं? गोदावरीच्या काठचं?" हो म्हटल्यावर सासूबाई उठून नीट बसल्या. मग लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं आलं. 1857 च्या धामधुमीनंतर या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. घरातल्या बायका-मुलांचे त्यापायी जे हाल झाले, ते लक्ष्मीबाई इतक्या साध्या, हसत्या बोलण्यात सांगतात की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग घशाशी काहीतरी अडकतं. सासूबाई थांब म्हणाल्या आणि मला त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. पंचवटीतल्या वाड्यात उंचावर सोवळ्याची वलणी होती, काठीनं वस्त्र वर टाकायचं आणि काठीनंच काढायचं. सासूबाई नऊ वर्षांच्या असताना शाळेतून धावत आल्या आणि त्यांच्या फ्रॉकचा स्पर्श त्या वस्त्राला झाला. दिवे लागेपर्यंत त्यांना मागच्या पायरीवर बसवलं होतं. "भूक लागली होती," एवढंच म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षं मी या घरात आहे. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

लक्ष्मीबाईंचा नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारे, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. 1895 साली ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं दोघं वेगळी राहिली, मग त्या नगरला त्यांच्याकडे गेल्या, तरी आपली चूल आणि आपलं सोवळं त्यांनी सांभाळलं होतं. आणि मग तो भाग येतो, जिथे त्या स्वतःशीच विचार करतात की देवानं माणसांत बाई आणि पुरुष एवढेच प्रकार केले, जाती त्यानं केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारखा त्यांच्यात डोळ्यांना दिसणारा फरक ठेवला असता. कुणी शिकवलं म्हणून नाही, एकटीनं बसून त्या तिथवर येतात. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मला त्याहून हा विचाराचा क्षण मोठा वाटतो.

तिथे सासूबाई थांब म्हणाल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मी टिंब दिलं, दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या मावशी आल्या. आमच्याकडे त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. सासूबाई मला म्हणाल्या, "तो खिडकीतला कप टाकून दे. आपल्यातल्या कपात चहा दे त्यांना." मी दिला. तो कप तिथे सासूबाईंच्या रीतीनं आला होता हे खरं, पण इतकी वर्षं रोज विसळून पुन्हा खिडकीत ठेवणारे हात माझे होते. पदवी घेतलेले, शाळेत शिकवणारे हात. हे मी मैत्रिणींना पुस्तकाचं नाव सांगताना सांगत नाही, पण आज तुम्ही नीट बसून विचारताय म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी आम्ही गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेनं 1857 साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. 1858 साली इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा भटजी शहरातच होते. त्यांचं हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी भाषा बदलून, काटछाट करून 1907 साली छापलं. मूळ लिहिलेलं जसंच्या तसं वाचायला मिळालं ते 1966 साली, दत्तो वामन पोतदारांमुळे. आम्ही हे दुसरं वाचलं. सुरुवातीला जुनी वाक्यरचना माझ्या जिभेवर बसेना. सासूबाई म्हणाल्या, "पोथी वाचतात तशी वाच, हेल काढून." तसं केलं आणि वाक्यं आपोआप सुटी झाली.

झाशीच्या लुटीत तिथल्या ग्रंथालयाचीही धूळधाण झाली. तेवढा मजकूर सासूबाईंनी तीनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "आमच्याही गेल्या." 1969 च्या महापुरात पंचवटीतल्या त्यांच्या माहेरच्या वाड्यात पाणी शिरलं, तेव्हा वडिलांच्या पोथ्या खालच्या कोनाड्यात होत्या. पाणी ओसरल्यावर लाल फडकी तेवढी ओळखू येत होती, आत नुसता लगदा. वडिलांनी ती फडकी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली. त्यांतलं एक फडकं सासूबाईंच्या पेटीत आहे. मी ते अनेकदा पाहिलं होतं, कशाचं आहे हे विचारलं नव्हतं.

भटजी परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन येतात. एवढं होरपळून, इतके वेळा लुटले जाऊन, हाती लागलं ते एवढंच. ते वाचताना मात्र माझाच आवाज गेला. त्या रात्री थांब मी म्हणाले.

पण टिंबांचा हा हिशेब सगळीकडे लागू पडतो असं नाही. माडगूळकरांची 'बनगरवाडी' आम्ही पाच रात्रींत वाचली. 1955 ची ही लहानशी कादंबरी, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या कोवळ्या मास्तराची. वाक्यं इतकी आखूड आणि सोपी की श्वास पुरतोच. पाच रात्रींत सासूबाईंनी एकदाही मला थांबवलं नाही. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. पुस्तक मिटलं. बराच वेळानं त्यांनी विचारलं, "मग शाळेचं काय झालं?" माझ्या त्या प्रतीत समास कोरे आहेत.

नवीन पुस्तकंही आणते. वाचनालयात कपाटाशी उभी राहून एखादं पान ओठांतल्या ओठांत वाचून बघते, कानाला लागलं तर घेते. एक जाडजूड नवी कादंबरी मला फार आवडली होती, पण तिच्यात मनातल्या मनात चालणारे विचार पानंच्या पानं होते. सासूबाईंना कोण बोलतंय तेच कळेना. ती मी पहाटे एकटी पूर्ण केली. चांगलीच आहे ती, फक्त डोळ्यांसाठी लिहिलेली आहे.

आणि 'ऋतुचक्र'. 1956 चं पुस्तक. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर लिहिलेलं. हे सलग वाचायचं नाही असं आम्ही ठरवलं. महिना लागला की त्या महिन्याचं प्रकरण, तेही थोडं थोडं. चैत्राच्या प्रकरणाचं नाव 'वसंतहृदय चैत्र' आहे. ते नाव सासूबाई दिवसभर पुटपुटत होत्या. ज्यांना आता पान नीट दिसत नाही, फूल दिसत नाही, त्यांना झाडांचं पुस्तक का वाचून दाखवायचं, अशी मला आधी शंका होती. झालं उलटंच. दुर्गाबाई एखादं झाड इतकं बारकाईनं बघतात की सासूबाईंना आपल्या माहेरच्या अंगणातलं झाड फांदीन्‌फांदी आठवतं. आता श्रावण चालू आहे. परवा धरणातून पाणी सोडलं, गोदावरी फुगली. वाचता वाचता बाहेर पावसाचा जोर वाढला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय, विचार बरं कोणाला तरी." नाशिकमध्ये पूर असाच मोजतात, रामकुंडाजवळच्या त्या उंच मूर्तीवरून. मी शेजारच्या मुलाला फोन केला. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. "मग ठीक आहे," म्हणाल्या, "वाच पुढे."

'स्मृतिचित्रे' आता शेवटाकडे आली आहेत. चौथा भाग चालू आहे. 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या आणि तो भाग अर्धाच राहिला, पुढचं त्यांच्या मुलानं, देवदत्तांनी, पूर्ण केलं. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिच्या हातचं किती उरलंय?" थोडंच, म्हटलं.

"मग रोज दोनच पानं वाच त्यातली. उरलेला वेळ मागचं वाच, तुझी टिंबं आहेत तिथलं."

गेला आठवडाभर आमचं तसंच चाललंय. काल सोवळ्याचं पान उघडलं, पंचवटीच्या पायरीची गोष्ट निघाली होती ते. मी टिंबापाशी येऊन आपण होऊन थांबले. सासूबाई म्हणाल्या, "थांबू नकोस, ते झालं सांगून. पुढे वाच." आणि चार ओळी पुढे गेल्यावर, जिथे काहीच खूण नव्हती तिथे, त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.